शटर उघडणाऱ्या माणसाला आधी सांगा : सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालकांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि सीईओ साहेब,
(राज्यातल्या लहानमोठ्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था)

स.न.वि.वि.

मी ३१ वर्षं एका नागरी सहकारी बँकेत काढली, सुरुवातीला क्लार्क, मग बरीच वर्षं कॅशियर, शेवटी पासिंग ऑफिसर. बँकेचं नाव लिहीत नाही कारण एक तर ती आता दुसऱ्या बँकेत विलीन झालीये आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की तुम्ही लगेच म्हणणार "हां, तिथलं प्रकरणच वेगळं होतं, आमच्याकडे तसलं काही नाही". असेलही. तरी वाचा.

हे पत्र लिहायला निमित्त झालं एक ट्रेनिंग. मध्यंतरी एका बँकेनं आम्हा दोनचार निवृत्त लोकांना पण बोलावलं होतं, विषय 'संकटकाळातील संवाद', एसी हॉल, प्रोजेक्टर, जेवणात गुलाबजाम. बाहेरून आलेल्या सरांनी दीड तास टायलेनॉल या वेदनाशामक गोळीची गोष्ट सांगितली. १९८२ साली शिकागोत कुणीतरी गोळ्यांच्या बाटल्यांत सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली, आणि ती गोळी बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं अख्ख्या अमेरिकेतून तीन कोटींवर बाटल्या परत घेतल्या, लोकांशी उघडपणे बोलले, आणि पुन्हा विश्वास कमावला. गोष्ट खरी आहे आणि चांगलीच आहे. पण पुढच्या रांगेतले संचालक मोबाईल बघत होते आणि माझ्या शेजारी बसलेला एक तरुण शाखाधिकारी हळूच म्हणाला, मॅडम, आमच्याकडं पीआर डिपार्टमेंट म्हणजे सकाळी शटर उघडणारा शिपाई.

हसू आलं, पण मग घरी येताना एसटीत तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं, कारण आमच्या बँकेवर वेळ आली तेव्हा अगदी हेच झालं होतं.

शुक्रवार होता. संध्याकाळी कॅश टॅली करून, स्ट्राँगरूम बंद करून, दोन किल्ल्या दोघांकडे, आम्ही आपापल्या घरी गेलो. रात्री आठच्या सुमाराला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं एक पीडीएफ टाकली आणि खाली लिहिलं, "मावशी ही तुझीच बँक ना?" रिझर्व्ह बँकेचं प्रेसनोट. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ ए खाली निर्देश, म्हणजे निर्बंध : नवीन कर्ज नाही, नवीन ठेवी नाहीत, आणि प्रत्येक खातेदाराला सगळी खाती मिळून पाच हजारच काढता येणार. मी तीनदा वाचलं. शाखाधिकाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, "काय सांगता? मला तर कुणीच काही बोललं नाही." हेड ऑफिसचा फोन एंगेज, मग स्विच ऑफ. म्हणजे बघा, ज्या बँकेत मी एकोणतीस वर्षं झाली पगार घेत होते त्या बँकेचं काय झालंय हे मला भाच्याकडून कळलं आणि त्याचं त्या बँकेत साधं सेव्हिंग खातंसुद्धा नव्हतं.

सकाळी साडेसातलाच दारात दीडशे माणूस. शिपाई मामांनी शटर अर्धं वर केलं आणि तिथंच थांबले, कारण पूर्ण उघडायचं का नाही हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. ते अर्धं शटर मी कधी विसरणार नाही. बाहेरच्या माणसाला आतले फक्त पाय दिसतात, आतल्याला बाहेरच्यांचे फक्त पाय दिसतात, आणि मग कुणीतरी वाकून आत बघतो आणि ओरडतो, "आत पैसं भरत्यात बॅगांत!" आत आम्ही कुलकर्णी-जोशी-पाटील मिळून चहा पीत उभे होतो हो, हात थरथरत होते म्हणून. बॅगा कसल्या.

हेड ऑफिसचा पहिला मेसेज आला नऊ वाजून काहीतरी मिनिटांनी. काय होता? "कोणत्याही कर्मचाऱ्याने प्रसारमाध्यमांशी अथवा ग्राहकांशी सदर विषयावर भाष्य करू नये." दुसरा आला पावणेअकराला : "ग्राहकांना शांत राहण्यास सांगावे." बास. दोन मेसेज. एकात सांगितलं बोलू नका, दुसऱ्यात सांगितलं शांत राहायला सांगा, आता न बोलता शांत कसं करायचं ते तुम्हीच सांगा.

लोक काय विचारत होते ते लिहिते, कारण मला नाही वाटत की कुठल्या संचालकानं त्या दिवशी हे ऐकलं असेल. माझी पेन्शन इथंच जमा होते, ती काढता येईल का? चेक दिलाय दुकानदाराला, तो परत जाणार का आणि गेला तर दंड कुणाला? कर्जाचा हप्ता भरायचा का थांबवायचा? माझ्याच एफडीवर कर्ज आहे, ते एफडीतून वळतं करता का? लॉकरमध्ये सोनं आहे, ते पण अडकलं का? मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, हॉलला ॲडव्हान्स द्यायचाय. दवाखान्याचं बिल आहे. आणि एक म्हातारे गृहस्थ, रिटायर्ड मास्तर, ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत ते सांगा, म्हणजे मला बाकी काही विचारायला नको."

याच बँकेत होते माझे. पगाराचं खातं, एफडी, सोसायटीचे शेअर्स सगळं. मी सांगितलं. मास्तर म्हणाले बरं, आणि बाकावर जाऊन बसले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्यामागचे चारपाच जण पण बसले.

यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या पीडीएफमध्येच होती. कर्ज ठेवीतून वळतं करायला काही अटींवर परवानगी होती. लॉकर उघडता येत होता. कर्जाचा हप्ता भरायचाच होता, नाहीतर व्याज चढणार होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे रिझर्व्ह बँक अशा प्रत्येक प्रेसनोटमध्ये घालते, की या निर्देशांचा अर्थ लायसन रद्द झालं असा काढू नये, निर्बंधांसह बँक चालू राहील. हे वाक्य दारावर मोठ्या अक्षरात लावलं असतं तर अर्धी गर्दी निवांत झाली असती. निर्देशांची प्रत बँकेत लावायची असतेच. आमच्याकडे लावली होती, इंग्रजीत, बारीक टायपात, नोटीस बोर्डाच्या काचेमागे, अग्निशामकाच्या वर.

मी काय केलं तर समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून कार्डशीट आणि स्केचपेन आणले आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. आज काय चालू आहे. आज काय बंद आहे. पुढची माहिती सोमवारी सकाळी अकरा वाजता इथंच मिळेल, काही नवीन नसलं तरी "नवीन काही नाही" असं सांगू. तो कागद शटरवर चिकटवला. शाखाधिकारी घाबरले होते पण त्यांनी अडवलं नाही, भला माणूस. दुपारपर्यंत ओरडणं थांबलं होतं, रांग होती पण ती टोकनची रांग होती, पाच हजार घेऊन लोक जात होते.

मंगळवारी मला मेमो आला. विनापरवानगी सूचनाफलक लावल्याबद्दल. तो मेमो अजून आहे माझ्याकडे, ठेवपावतीच्या फायलीत.

आता तुम्ही म्हणाल की मॅडम, निर्देश रात्री अचानक येतात, बोर्डाला तरी कुठे आधी कळतं. मान्य. ते मुद्दाम बँकेचे व्यवहार बंद झाल्यावर लागू करतात, आधी कळलं तर ओळखीचे लोक पहिले पैसे काढतील. पण साहेब, असलं काहीतरी येऊ शकतं हे तर बोर्डाला कळतंच ना? तपासणीचा अहवाल येतो, एनपीएचा म्हणजे थकलेल्या कर्जांचा आकडा समोर असतो, कमकुवत बँकेवर लक्ष ठेवायची रिझर्व्ह बँकेची चौकट आहे, आधी सॅफ नावाची होती आणि १ एप्रिल २०२५ पासून जरा मोठ्या नागरी बँकांना पीसीए नावाची लागू झालीये, त्या चौकटीत बँक गेली म्हणजे घंटा वाजलेलीच असते. त्याच दिवशी बसून एक कोरा मसुदा तयार ठेवायला काय हरकत आहे? रकमेची जागा मोकळी, तारखेची जागा मोकळी, बाकी सगळं मराठीत लिहिलेलं. प्रत्येक शाखेत एक बंद पाकीट, आणि ज्या रात्री प्रेसनोट येईल त्या रात्री एक फोन : पाकीट फोडा, रक्कम अमुक लिहा. त्यात गुप्त काहीच नाही, कारण पाकिटात जे लिहायचंय ते कायद्यात आधीच छापलेलं आहे.

ठेव विम्याचंच घ्या. हा विमा आला १९६२ ला, आणि त्यामागं आपल्या अकोल्याचा संबंध आहे हे किती जणांना माहितीये? १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्याचा धसका घेऊन हा कायदा झाला. तेव्हा संरक्षण होतं १५०० रुपयांचं. १९९३ ला एक लाख झालं आणि मग तब्बल २७ वर्षं तिथंच थांबलं, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झालं. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन असं ठरलं की निर्बंध लागले तरी ९० दिवसांत ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतचे पैसे मिळायचे, बँक बुडायची वाट बघायची नाही. पहिल्या ४५ दिवसांत बँकेनं याद्या द्यायच्या, मग ठेव विमा महामंडळ तपासणार, मग पैसे. पण त्यासाठी खातेदारानं संमतीचा फॉर्म भरायला लागतो, दुसऱ्या बँकेतलं खातं किंवा आधार जोडलेलं खातं द्यायला लागतं, केवायसी नीट लागतं. हे काउंटरवरच्या पोरीला माहीत नसेल तर ती काय सांगणार? ती म्हणणार "वरून कळलं की सांगतो". आणि 'वरून कळलं की सांगतो' हे वाक्य गर्दीत कसं ऐकू येतं माहितीये? 'पैसे गेले' असं ऐकू येतं.

अजून एक बारकावा लोकांना कुणी सांगत नाही. पाच लाख म्हणजे एका बँकेत एका माणसाचे सगळ्या शाखांतले मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. चार शाखांत चार एफडी केल्या म्हणजे वीस लाख सुरक्षित असं समजणारे लोक मी रोज बघायचे, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेच काही जण ठेवी गोळा करायच्या टार्गेटपायी त्यांना तसं समजू द्यायचे. मी पण एकदोनदा गप्प बसलेय. ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

पतसंस्थावाल्यांनो, आता जरा तुमच्याकडे वळते. तुमच्या ठेवींना हा विमा नाहीये. पतसंस्था ही बँक नाही, ठेव विमा महामंडळ तिला कव्हर करत नाही, तुम्हाला हे पक्कं माहितीये. तरी बोर्डावर 'तुमची ठेव, आमची हमी' आणि उद्घाटनाला आमदार. संकट आलं त्या दिवशी लोक विचारतात पाच लाख कधी मिळणार, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांना कळतं की ते मिळणारच नाहीयेत. हे आधी, चांगल्या दिवसांत, ठेवपावतीवर छापून सांगितलं असतं तर थोड्या ठेवी कमी आल्या असत्या हे खरंय. पण वाईट दिवशी हे कळलं की माणूस चेअरमनच्या घरावर जातो.

आता जी प्रकरणं सगळ्यांना माहितीयेत त्यांच्यावर बोलते.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. २०१९ चा सप्टेंबर, तारीख २३. सहा महिन्यांसाठी काढता येणार फक्त एक हजार रुपये. मुंबईत, ज्या शहरात एक हजारात आठवडा पण निघत नाही. दुसऱ्या दिवशी एमडींचा खातेदारांना मेसेज गेला, जबाबदारी माझी, सहा महिन्यांच्या आत त्रुटी दूर करू अशा अर्थाचा. वाचायला बरा वाटतो ना? पण पुढच्या दहाबारा दिवसांत तेच एमडी अटकेत होते, आणि तपासात पुढे आलं की एकाच बिल्डर ग्रुपला, एचडीआयएलला, बँकेच्या एकूण कर्जातलं जवळपास तीन चतुर्थांश कर्ज दिलेलं आणि ते लपवायला २१ हजारांवर खोटी खाती तयार केलेली. मग त्या 'सहा महिने' चं काय झालं? प्रत्यक्षात जानेवारी २०२२ उजाडलं बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला, आणि पाच लाखांवरच्या मोठ्या ठेवीदारांना तर दहा वर्षांपर्यंतचे टप्पे बांधून दिले. मला त्या मेसेजचा राग जास्त येतो. आकडा सांगायची जी घाई असते ना, सहा महिने, पंधरा दिवस, पुढचा सोमवार, तो आकडा लोक कॅलेंडरवर लिहून ठेवतात हो. आमच्याकडे एका बाईनं पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. तुम्ही विसरता, ती नाही.

आणि मर्यादा तरी कशी बदलली बघा. २३ ला हजार, २६ ला दहा हजार, ३ ऑक्टोबरला पंचवीस, १४ ला चाळीस, ५ नोव्हेंबरला पन्नास. वाढत गेली ही चांगलीच गोष्ट. पण दर वेळी काउंटरवरच्या माणसाला टीव्हीवरून कळत असेल तर सकाळी तो जुना आकडा सांगतो, दुपारी नवा, आणि खातेदाराला वाटतं हा माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

पुण्याची रुपी बँक, १९१२ ची. निर्बंध २०१३ ला, लायसन रद्द २०२२ ला. साडेनऊ वर्षं. म्हणजे निर्बंध लागले तेव्हा पहिलीत असलेलं पोर दहावी झालं. इतक्या लांब संकटात पहिल्या दिवशीचं निवेदन कुणाच्या लक्षात राहतं? तिथं कामाला येतं ते दर महिन्याला ठरलेल्या दिवशी तोंड दाखवणं, सांगायला काही नसलं तरी.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह, मुंबईची. १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध, सुरुवातीला एक रुपया काढता येत नव्हता, १२२ कोटींच्या अपहाराचं प्रकरण निघालं. पण २४ तारखेला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की २७ पासून प्रत्येकाला पंचवीस हजार काढता येतील, आणि सोबत हेही सांगितलं की एवढ्या रकमेत निम्म्याहून जास्त ठेवीदारांची अख्खी शिल्लक निघते. हे दुसरं वाक्य बघा. पहिल्या वाक्यात आकडा आहे, दुसऱ्यात त्या आकड्याचा माझ्या घराशी काय संबंध ते आहे. असं बोला. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

चांगलं उदाहरण पाहिजे? आपल्या मुंबईतलंच देते. मार्च २०२३, अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. ९ मार्चला तिच्या सीईओनं बड्या ग्राहकांना फोनवर सांगितलं की शांत राहा, आणि त्याच दिवशी लोकांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. (आमच्या हेड ऑफिसचा पावणेअकराचा मेसेज आणि अमेरिकेतला सीईओ, शब्द एकच!) त्या बँकेला सगळे म्हणायचे एसव्हीबी. आणि आपल्याकडं आहे एसव्हीसी, शामराव विठ्ठल, १९०६ ची. एका अक्षराचा फरक, पण व्हॉट्सॲपला तेवढं पुरतं, लोकांनी पाठवायला सुरुवात केली की बँक बुडाली. एसव्हीसीनं लगेच जाहीर केलं की आमचा त्या बँकेशी कसलाही संबंध नाही, आम्ही मुंबईतली ११६ वर्षांची बँक, अफवा पसरवू नका, पसरवली तर कायदेशीर कारवाई करू. विषय संपला. आता कुणी म्हणेल हे तर सोपं होतं, बँक धडधाकट होती. सोपं होतंच. पण किती बँकांचे लोक अशा वेळी म्हणतात "उत्तर देऊन अफवेला महत्त्व कशाला द्यायचं", आणि सोमवारपर्यंत रांग लागते.

अफवेची ताकद सांगायची तर जपानातला एक किस्सा आहे, डिसेंबर १९७३ चा. टोयोकावा भागात तीन शाळकरी पोरी ट्रेननं चालल्या होत्या, एकीला तिथल्या पतसंस्थेसारख्या बँकेत नोकरी लागलेली, दुसरी चेष्टेत म्हणाली की तिथं धोका आहे गं, म्हणजे दरोडे पडतात या अर्थानं. ते ऐकून नोकरी लागलेल्या पोरीनं घरी विचारलं, घरून नातेवाइकांत, तिथून सलूनमध्ये, तिथून लाँड्रीत, आणि चारपाच दिवसांत बँकेसमोर रांगच रांग. शेवटी जपानच्या मध्यवर्ती बँकेला आधार द्यावा लागला आणि पोलिसांनी माग काढत काढत ट्रेनमधल्या पोरींपर्यंत गोष्ट नेली. गुन्हा कुणाचाच नव्हता. मला यात आवडलेली गोष्ट म्हणजे सलून आणि लाँड्री. तुमचं निवेदन पेपरात तिसऱ्या पानावर येतं, पण गाव बोलतं सलूनमध्ये.

म्हणून आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं तो माणूस. पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून थोडीथोडी ठेव गोळा करणारा.

आमच्या शाखेचे सहा पिग्मी एजंट होते. त्यातला एक मंडईत फिरायचा, सायकलवर, नंतर लूना. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजी रोज शंभर रुपये द्यायच्या त्याच्याकडे, पावसात पण, आजारी असल्या तर नातवाच्या हातात द्यायच्या. आजींनी बँक कधी आतून बघितलेली नाही. त्यांच्यासाठी बँक म्हणजे तो एजंट. निर्बंध लागले आणि त्या एजंटला बँकेतून कुणी काहीच सांगितलं नाही, कारण तो कर्मचारी नाही ना, कमिशनवाला. तो बिचारा काय सांगणार आजींना? चार दिवस तो मंडईकडे फिरकलाच नाही, सासुरवाडीला जाऊन बसला. आणि तिसऱ्या दिवशी मंडईत पक्कं झालं की पिग्मीवाला पैसे घेऊन पळाला. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं एक रुपया इकडचा तिकडं केला नाही. त्याच्या घरावर दगड पडले.

मी आणि शाखाधिकारी त्याच्या सासुरवाडीला गेलो. त्याला म्हटलं, तुझ्याजवळ द्यायला पैसे नाहीत हे लोकांना कळतंय, तू तोंड दाखव. एका कागदावर माझ्याच अक्षरात लिहून दिलं : आजपासून नवीन पिग्मी घेणार नाही. तुमच्या कार्डावर शिल्लक इतकी आहे, ती मी आणि शाखेनं दोघांनी सही करून दिली आहे. पाच हजारांपर्यंत या तारखेनंतर मिळेल, शाखेत यायला जमत नसेल तर मी घेऊन जाईन. विम्याचा फॉर्म हा, अंगठा लावायला साक्षीदार मी. मी दर बुधवारी आणि शनिवारी येणार. तो गेला. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या, एकानं गाडीची चावी काढून घेतली. पण बुधवारी परत गेला, शनिवारी परत गेला. आजींचं कार्ड भरून, फॉर्म भरून, अंगठा घेऊन आला. दोन महिन्यांत मंडईतले जवळजवळ सगळे फॉर्म आमच्या शाखेत जमा होते, आणि हेड ऑफिसच्या रिव्ह्यूमध्ये आमची शाखा फॉर्मच्या बाबतीत पहिली आली. कुणी विचारलं नाही कसं झालं. त्या मेमोचं उत्तर मात्र मागितलं, दोनदा.

तर माझं मागणं एवढंच आहे. संकट आलं की पहिला फोन वकिलाला जातो, दुसरा ऑडिटरला, तिसरा ओळखीच्या पुढाऱ्याला, मग पीआरवाला, मग पेपरात निवेदन, आणि सगळ्यात शेवटी, कधीकधी कधीच नाही, शाखेला. हा क्रम उलटा करा. त्या रात्री आधी शाखाधिकाऱ्यांना कळवा, त्यांनी कॅशियर, शिपाई, सिक्युरिटी आणि पिग्मी एजंट यांना कळवायचं, मग बाकी जग. पत्रकार परिषदेत तुम्ही किती छान बोललात हे खातेदार बघत नाही, तो काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाचा चेहरा बघतो, आणि त्या माणसाला काही माहीत नसेल तर चेहऱ्यावर दिसतंच, लपत नाही. आणि जे सांगाल ते मराठीत सांगा हो, 'सर्वसमावेशक निर्देश' वगैरे नको, आमच्या एका खातेदारानं तो शब्द वाचून विचारलं होतं, म्हणजे सगळ्यांचेच गेले का?

आणि तुमच्यापैकी कुणीतरी एकानं, चेअरमन असतील तर बरंच, त्या सकाळी एका शाखेत येऊन उभं राहावं. शिव्या बसतील. आमच्याकडे एकही संचालक आला नाही, पण एक माजी संचालक, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आले, स्वतःचं पासबुक घेऊन रांगेत उभे राहिले, टोकन घेतलं, पाच हजार काढले आणि बाकावर बसून लोकांशी दुपारपर्यंत बोलत बसले. त्यांना कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही.

ज्या बँकेत आमची बँक विलीन झाली तिची मी आता सभासद आहे, शेअर्स आहेत माझे. येत्या वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात मी हात वर करणार आहे आणि विचारणार आहे की आपल्या सगळ्या शाखांतल्या पिग्मी एजंटांचे फोन नंबर हेड ऑफिसकडे एका जागी आहेत का, आणि असले तर रात्री दहाला त्यांना फोन करायचं काम कुणाचं. कृपया तेव्हा चहा-बिस्किटं आणू नका, मागच्या वेळी प्रश्न विचारायला उठले आणि ट्रे फिरायला लागला.

कळावे,
एक निवृत्त कॅशियर
(मेमोचं उत्तर अजून दिलेलं नाही)